भुताचा दुसरा भाग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गोष्ट कोणतीही असो, सांगणारा थांबला की ऐकणारा विचारतो, ‘मग पुढं काय झालं?’ राजाराणीच्या गोष्टीत विचारतो, चोराच्या गोष्टीत विचारतो, शेजाऱ्याच्या भांडणाच्या गोष्टीत तर हटकून विचारतो. भुताच्या गोष्टीचं तसं नाही. ती संपली की सगळे गप्प बसतात. एखादा उगाच खाकरतो, एखादा दाराची कडी लागली आहे ना, ते पाहून येतो. पुढं काय झालं हे कुणालाच नको असतं. आपल्या वाडवडिलांनी हडळीच्या, मुंज्याच्या, विहिरीवरच्या साती आसरांच्या असंख्य गोष्टी सांगितल्या, पण ‘त्याच हडळीची पुढची गोष्ट’ सांगायला कुणी बसलेलं मी तरी ऐकलं नाही. सिनेमावाले मात्र बसतात. पहिला भाग चालला की दुसरा काढतात, मग तिसरा. आणि प्रेक्षक दरवेळी तेच म्हणत बाहेर पडतो: पहिल्याची मजा नाही.

हे असं का होतं, हा आजचा विषय आहे. मी पुण्याच्या मार्केट यार्डात, गूळ-भुसार बाजारातल्या एका आडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर ज्वारी, तूर, गूळ यांच्या हिशेबपट्ट्या लिहायच्या आणि रात्री जमलं तर कविता, असा माझा संसार. भुताचे सिनेमे हा लहानपणापासूनचा शौक. कवी माणूस असले सिनेमे कसे बघतो, असं काही मित्र विचारतात. माझं उत्तर सोपं आहे. समाजाला कशाची लाज वाटते ते कवितेत कळतं आणि कशाची भीती वाटते ते भुताच्या गोष्टीत. पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकच निघतात.

उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ. १४ जुलै २०१७ रोजी ‘लपाछपी’ नावाचा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक विशाल फुरिया. पूजा सावंत, विक्रम गायकवाड, उषा नाईक, अनिल गवस असे मोजके कलावंत. पुढं याच दिग्दर्शकानं त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ या नावानं केला. तो नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आला. त्यात नुसरत भरूचा आणि मीता वशिष्ठ होत्या. आणि ११ एप्रिल २०२५ रोजी ‘छोरी २’ आला. म्हणजे एका गोष्टीचे तीन सिनेमे, तिन्हींचा दिग्दर्शक एकच. माल तोच, कारागीर तोच. तरीही तिसऱ्या वेळी, म्हणजे गोष्टीच्या दुसऱ्या भागात, घडी विस्कटली. असं उदाहरण अभ्यासाला फार चांगलं असतं, कारण ‘दिग्दर्शक बदलला म्हणून बिघडलं’ ही पळवाट त्यात उरत नाही.

‘लपाछपी’ची गोष्ट थोडक्यात अशी. नेहा गरोदर आहे, दिवस भरत आलेले. नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, सावकाराचे गुंड मागावर. म्हणून ड्रायव्हर भाऊराव या दोघांना आपल्या गावाकडच्या घरी लपायला नेतो. घर चहूबाजूंनी उसानं वेढलेलं. घरात भाऊरावची बायको तुळसाबाई. ती नेहाचं सगळं करते, खाऊपिऊ घालते, दिवस गेलेल्या बाईनं काय करावं, काय करू नये ते सांगते. आणि मग त्या उसात पोरांच्या हसण्याचे, लपाछपी खेळण्याचे आवाज यायला लागतात.

या चित्रपटाचं वेगळेपण असं की त्यातली पुष्कळशी भीती भर उन्हात आहे. अमावास्या नाही, वटवाघळं नाहीत, करकरणारा दरवाजा नाही. दुपारचं ऊन, उभा ऊस आणि त्यातून वाट न सापडणारी एक अवघडलेली बाई. उसाच्या फडात ज्यानं पाऊल टाकलंय त्याला सांगायला नको, आत दहा पावलं गेलं की दिशा हरवते. पात्यांनी हात कापतात, वारा आला की सगळीकडून सळसळ येते आणि आपल्यामागं कुणी आहे की नाही ते कळत नाही. आमच्या गाळ्यावर गुळाच्या ढेपा उतरतात तेव्हा ती गोडी कुठून आली याचा विचार आम्ही करत नाही. हा चित्रपट पाहिल्यानंतर काही दिवस मी तो करत होतो.

अखेरीस कळतं की उसातलं भूत हा खरा धोका नव्हताच. धोका घरात होता. या घराला मुली नको होत्या आणि नकोशा मुलींचं काय केलं गेलं, ते सांगायला ती लहान पोरं आणि एक बाई उसात फिरत होती. जी बाई प्रेमानं घास भरवत होती, तीच त्या रीतीची राखणदार होती.

आता हे मराठी प्रेक्षकाला इतकं का झोंबलं? कारण ते रचलेलं नव्हतं. गर्भातल्या मुलीची ओळख पटवून तिला मारण्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ साली. संसदेचा कायदा त्यानंतर, १९९४ चा. म्हणजे आपल्याला दुखणं सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तरी २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर तो आकडा ८०७ होता. २०१२ मध्ये परळीत एका बाईचा गर्भपातात मृत्यू झाला आणि तिथल्या डॉक्टर दांपत्याचं प्रकरण उघड झालं. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यात मिरजेजवळच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पिशव्यांत पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्यानंतर चार महिन्यांनी ‘लपाछपी’ चित्रपटगृहांत लागला. पडद्यावरच्या उसातून पोरांचं हसू ऐकताना प्रेक्षकाच्या मनात ती वर्तमानपत्राची घडी उघडलेली होती. भूत निम्मं पडद्यावर होतं आणि निम्मं प्रेक्षकानं घरून आणलं होतं.

‘छोरी’मध्ये गोष्ट उत्तरेकडच्या उसात गेली. नेहाची साक्षी झाली, तुळसाबाईची भन्नो देवी झाली, पण कणा तोच राहिला. ऊस उत्तरेतही आहे आणि मुलगी नको म्हणणारी घरंही आहेत. त्यामुळं गोष्टीचं स्थलांतर फारसं अडलं नाही. शेवटी साक्षी त्या घरातून सुटली. खरं म्हणजे गोष्ट इथं संपली होती.

‘छोरी २’ सात वर्षांनंतर सुरू होतो. साक्षीला जन्मलेली मुलगी, इशानी, आता सात वर्षांची आहे. तिला उन्हाचा त्रास आहे, म्हणून ती दिवसा बाहेर पडू शकत नाही. गश्मीर महाजनीनं केलेला पोलीस अधिकारी या मायलेकींना आधार देतो. मग मुलीला पळवून नेलं जातं आणि आई तिच्या शोधात पुन्हा त्या उसापाशी येते. आता उसाखाली भुयारांचं जाळं निघतं. त्या भुयारात ‘प्रधान’ म्हणवणारा कुणी आदिम, भेसूर पुरुष आहे. त्याची सेवा करणारी दासी माँ आहे, ती सोहा अली खाननं केली आहे. तिच्या अंगात अचाट शक्ती आहेत. लहान मुलगी वाढवून त्या प्रधानाला अर्पण करायची, असा पंथाचा विधी आहे.

चित्रपटवाल्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. भ्रूणहत्येकडून बालविवाहाकडं जावं, मुलगी जन्मल्यानंतरही सुरक्षित नसते हे दाखवावं, ही कल्पना चांगलीच आहे. नुसरत भरूचानं आईची तगमग जीव तोडून केली आहे. भुयारांची मांडणी डोळ्यांत भरते. तरी बघताना भीती वाटत नाही आणि बघून झाल्यावर काही मागे उरत नाही. समीक्षकांनी लांबलेली पटकथा, पुन्हा पुन्हा तीच पळापळ अशी कारणं दिली. ती खरी आहेत, पण माझ्या मते ती लक्षणं झाली. आजार निराळा आहे.

तो आजार मला आमच्या बाजारातल्या एका बाईनं सांगितला. आमच्याकडं धान्य चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायका असतात. त्यांतल्या एकीचं माहेर बीडकडचं. लेकाच्या मोबाइलवर तिनं ‘लपाछपी’ पाहिला होता. तेव्हा ती मला म्हणाली होती, ‘‘भाई, ह्यात भूत कुठंय? ह्ये तर आमच्याकडं असंच असतंय.’’ आणि दोन दिवस ती गप्प गप्प होती. गेल्या वर्षी तिनं ‘छोरी २’ही पाहिला. मी विचारलं, कसा वाटला? पाखडता पाखडता ती म्हणाली, ‘‘चांगलाय की. राक्षस हाय त्यात. आमच्या गावात असला कुणी न्हाई, म्हणून जरा बरं वाटलं.’’

‘बरं वाटलं’ हे शब्द लक्षात घ्या. भयपट बघून माणसाला बरं वाटलं, तर त्या चित्रपटाचं काय चुकलं हे आणखी वेगळं सांगायला नको. पहिल्या भागात गुन्हा करणारी माणसं आपल्यासारखी होती. सासू होती, नवरा होता, शेजारपाजार होता. त्यांना शिंगं नव्हती. ती बाळंतिणीला डिंकाचे लाडू देणारी माणसं होती. म्हणून बघणाऱ्याला घरी जाताना स्वतःच्या घराकडं जरा वेगळ्या नजरेनं बघावं लागलं. दुसऱ्या भागात तोच गुन्हा भुयारातल्या एका विद्रूप पुरुषावर आणि जादू करणाऱ्या बाईवर टाकला गेला. दोष जमिनीखाली गेला आणि वरची माणसं मोकळी झाली. प्रेक्षकही मोकळा झाला. आपण थोडेच भुयारात राहतो!

ही एकट्या ‘छोरी’ची गोष्ट नाही. भयपटांच्या मालिका बहुधा याच उतारावरून घसरतात.

मी शाळकरी असताना, १९८४ साली, रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आला होता. रामसे बंधू म्हणजे मुंबईचं एक अख्खं कुटुंब. सात भाऊ. कुणी लिहायचं, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी आवाज, कुणी संकलन आणि दिग्दर्शन बहुधा तुलसी आणि श्याम यांचं. कमी पैशांत, थोड्या दिवसांत चित्रपट उरकायचा आणि तो गावोगावच्या टॉकीजमध्ये चालवायचा, ही त्यांची रीत. ‘पुराना मंदिर’मध्ये सामरी नावाचा सैतान आहे. राजा त्याला मारतो, धड एकीकडं आणि मुंडकं दुसरीकडं ठेवतो. मरता मरता सामरी शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. सामरीचं काम केलेला अजय अगरवाल हा रुरकीला शिकलेला इंजिनिअर होता. अंगापिंडानं असा, की मुखवट्याची फारशी गरज नव्हती.

त्या चित्रपटात रक्त होतं, भडक संगीत होतं, मधेच विनोदाचं ठिगळ होतं. आज तो बघताना हसू येतं. पण मुळात गोष्ट कशाची होती बघा. एक बाप मुलीच्या लग्नाला कडाडून विरोध करतो, कारण लग्न झालं की मूल होणार आणि मूल झालं की मुलगी मरणार. बाळंतपणात बाई जाणं हे त्या काळी घरोघरी ठाऊक असलेलं दुःख होतं. मराठीत अशा बाईच्या भुताला स्वतंत्र नाव आहे, अळवंतीण. ज्या दुःखाला भाषेनं नाव देऊन ठेवलंय, त्यावर रामसेंनी बोट ठेवलं होतं. चित्रपट तुफान चालला.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, त्यांनी ‘सामरी’ आणला, तोही थ्रीडी. डोळ्यांना कागदी चष्मे लावून बघायचा. आदल्या वर्षीच मल्याळममध्ये ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा थ्रीडी चित्रपट गाजला होता, ती हवा होती. पण या सामरीचा पहिल्या गोष्टीशी संबंध नावापुरता आणि चेहऱ्यापुरता. तो शाप नाही, तो बाप नाही, ती भीतीही नाही. वस्तू पडद्यातून अंगावर येत होत्या, गोष्ट येत नव्हती. आमच्या बाजारात गोणीवरचा छाप बघून माल घेणारं गिऱ्हाईक असतं. मागच्या खेपेला डाळ चांगली शिजली, म्हणून या खेपेला ते गोणी उघडून बघत नाही. छापावर एक खेप निघून जाते, क्वचित दुसरीही. तिसऱ्या खेपेला मात्र ते नळी खुपसून दाणे हातावर घेतं. सिनेमाच्या दुसऱ्या भागाचा धंदा हा असाच छापावरचा असतो.

मराठीतला सगळ्यांच्या ओळखीचा छाप म्हणजे ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ चा. खुनी गुंड मरताना मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाच्या वळणाची. पण रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यानं आणि लक्ष्मीकांत बेर्डेंच्या घाबरण्यानं ती इथली झाली. बेर्डेंचं घाबरणं हा त्या चित्रपटाचा जीव होता. बोलक्या बाहुल्याचा खेळ करणाऱ्या साध्या माणसाच्या हातातला बाहुला स्वतःच बोलायला लागतो आणि लोक म्हणतात, हाच बोलतोय. खरं सांगूनही कुणी विश्वास ठेवत नाही, ही भीती विनोदाच्या आडून आपल्याला शिवून जायची. बेर्डे २००४ मध्ये गेले. २०१३ साली ‘झपाटलेला २’ थ्रीडीमध्ये आला. बाहुला तोच होता, तंत्र वाढलं होतं, घाबरणारा माणूस मात्र राहिला नव्हता. तात्या विंचू तर तोवर पोरांचा लाडका झालेला. लाडक्या माणसाला कोण भिणार?

जगातही हेच दिसतं. १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये एका आईची मुलगी विचित्र वागायला लागते. आई तिला दवाखान्यातून दवाखान्यात नेते, डॉक्टर हात टेकतात. ज्या कुणाच्या घरी न उमगणारं दुखणं येऊन गेलंय, त्याला ती आई कळते. १९७७ च्या दुसऱ्या भागात संमोहनाचं यंत्र आलं, आफ्रिका आली, टोळधाड आली. सैतान कोण, कुठला, याचा सगळा खुलासा झाला आणि प्रेक्षक चित्रपटगृहात हसले.

इथं रक्ताबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण मालिका जसजशी लांबते तसतसं पडद्यावरचं रक्त वाढतं, हा नेहमीचा अनुभव. याचं कारण आपल्याकडं फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस आहेत. भयानकाच्या मुळाशी भय आहे, बीभत्साच्या मुळाशी जुगुप्सा, म्हणजे किळस. भय पुढं होणाऱ्या गोष्टीचं असतं आणि किळस समोर दिसणाऱ्या गोष्टीची. बंद दाराआड काय असेल याचं भय वाटतं. दार उघडून आतलं सगळं दाखवलं की भय संपतं. मग प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवायला एकच उपाय उरतो, किळस. पहिल्या भागात दार उघडून झालेलं असतं, म्हणून दुसऱ्यात रक्ताचं माप वाढवतात. किळसेची अडचण अशी की तिची सवय लवकर होते. मासळी बाजारात पहिल्यांदा गेलेला माणूस नाकाला रुमाल लावतो आणि आठवड्यानं भाव करत उभा राहतो. म्हणून माप दरवेळी वाढवावं लागतं. ‘छोरी २’ हा काही रक्तपाताचा नमुना नव्हे, पण भयाकडून किळसेकडं सरकण्याचा प्रवास त्यातही आहेच. तो विद्रूप प्रधान किळस आणतो. पहिल्या भागातली घास भरवणारी बाई भीती आणत होती.

मग दुसरा भाग चांगला होऊच शकत नाही का? होऊ शकतो. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’नंतर त्याच दिग्दर्शकानं, जेम्स व्हेलनं, १९३५ मध्ये ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ केला आणि पुष्कळ जाणकार तो पहिल्यापेक्षा सरस मानतात. त्यानं राक्षस आणखी अक्राळविक्राळ केला नाही. त्याला बोलायला शिकवलं. एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत राक्षसाला भाकरी मिळते, सोबत मिळते आणि मग आपल्याला कळतं की त्याला सोबतीचीच भूक होती. पहिल्या भागात जो फक्त दिसला, त्याला दुसऱ्या भागात ऐकून घेतलं. दुसऱ्या भागाला जागा मिळते ती इथं.

माझ्या घरच्या संस्कारातलं एक उदाहरण इथं आठवतं. इस्लामपूर्व अरबस्तानात काही टोळ्यांत जन्मलेली मुलगी जिवंत पुरत. कुराणाच्या ८१ व्या अध्यायात कयामतीच्या दिवसाचं वर्णन आहे. सूर्य, तारे, डोंगर, समुद्र यांची उलथापालथ चाललेली असताना त्या पुरलेल्या मुलीलाच विचारलं जाईल, की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं? लहानपणी मला याचं नवल वाटायचं. विचारायचं तर मारणाऱ्याला विचारावं ना! मोठेपणी उमगलं की तिला जन्मात कुणी काही विचारलंच नव्हतं. तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. म्हणून पहिला मान तिचा. आपल्याकडची अळवंतीण, हडळ, उसातली ती पोरं ही सगळी मला याच जातीची वाटतात. जिवंतपणी ज्यांचं कुणी ऐकलं नाही, ती मेल्यावर बोलतात. ‘लपाछपी’ची ताकद त्या बोलण्यात होती. ‘छोरी २’मध्ये मुलगी जिवंत आहे, सात वर्षांची आहे, बोलू शकते. पण तिला पळवलं जातं, लपवलं जातं, सोडवलं जातं. तिला काय वाटतं, हे विचारायला चित्रपटाला सवड झाली नाही.

खरं तर दुसऱ्या भागाची गोष्ट तयार होती. भुयार खणायची गरज नव्हती. गोष्ट शहरात आणायची. पांढऱ्याशुभ्र फरशीचा दवाखाना, सोनोग्राफीची खोली, भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी आणि पाटीखाली खालच्या आवाजात चाललेला व्यवहार. शिकलेलं, सुखवस्तू घर. सासू इंग्रजी बोलणारी. तिथं एखादं मूल लपाछपी खेळताना हसलं असतं, तर आपल्या पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला घाम फुटला असता. उसातल्या खेडुतांकडं बोट दाखवून त्याला सुटता आलं नसतं.

हा प्रश्न पुढंही येणार आहे. २०१८ चा ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला, पहिल्यापेक्षा जास्त चालला आणि त्याच्या दुसऱ्या भागाची घोषणाही झाली. त्यातला हस्तर भीतिदायक आहेच, पण खरी भीती आहे ती पुन्हा पुन्हा विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या हावेची. दुसऱ्या भागात हस्तर किती मोठा केला याच्या जाहिराती होतील. आपण बघायचं ते एवढंच, की हाव माणसाकडं ठेवली आहे की हस्तरकडं सोपवली आहे.

आणि ‘लपाछपी’चा खरा दुसरा भाग? तो पडद्यावर आला नसला तरी आपल्याकडं सुरू झालेला आहे. २०११ च्या जनगणनेत जी मुलं सहा वर्षांखालची मोजली गेली, ती आज चौदा-पंधरापासून वीस-एकविशीपर्यंतची आहेत. त्यांच्याआधीच्या पिढीतल्या मुलग्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मोर्चा काढला होता. डोक्याला बाशिंग, अंगात नवरदेवाचा पोशाख, काहीजण घोड्यावर, पुढं बँड, आणि वरात निघाली जिल्हाधिकारी कचेरीवर. मागणी काय, तर आम्हाला लग्नाला मुली मिळत नाहीत, नवरी शोधून द्या. शेती आणि नोकरीची रड त्यामागं होतीच. पण त्यांच्या निवेदनात गर्भलिंगनिदानाचा कायदा कडक राबवा, हीसुद्धा मागणी होती. ज्या मुली जन्मल्याच नाहीत, त्यांना शोधायला ही वरात निघाली होती. आपण ती बातमी फोटोसकट वाचली, एकमेकांना दाखवली आणि हसून पान उलटलं.